अर्ध्यावर उतरवलेली माळ

१

"पळाला म्हणजे काय? पोरगा आहे की टोपलीखालचं कोंबडं?"

वनजाक्काचा आवाज चढला, तसा निरीक्षणगृहाच्या अंगणात झाडणारा माणूस झाडूसकट मागच्या मागे सटकला. अधीक्षक भूमय्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत या माणसाला घाम फुटतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे वनजाक्काच्या तेव्हाच लक्षात आलं.

"अम्मा, मागच्या भिंतीवरून गेला," भूमय्या म्हणाले. "लिंबाची फांदी धरली अन् उडी मारली. पोलिसांनी संध्याकाळी आणून सोडला आणि उजाडायच्या आत पसार. आम्ही तरी किती जणांवर डोळा ठेवायचा?"

पळालेल्या पोराचं नाव सायलू. वय पंधरा. आईबाप येर्रवागुच्या दगडखाणीवर खडी फोडणारे. कुणाच्यातरी विहिरीवरच्या मोटारीतली तांब्याची तार चोरल्याचा आरोप होता. अठराच्या आतल्या पोराला पोलिसांनी कोठडीत ठेवायचं नाही, निरीक्षणगृहात पोचवायचं आणि बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं, असा कायदा. मंडळावर एक न्यायाधीश असतो आणि दोन बाहेरची माणसं. वनजाक्का त्यांतली एक. उमेदीची सगळी वर्षं बिडी कामगार बायकांच्या संघटनेत घालवलेली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. सायलू मंडळापुढे कधी आलाच नाही. आला तो कागद, 'फरार' असं लिहिलेला.

आता तेवढ्यावर भागणार नव्हतं. विधानसभेत एका आमदाराने प्रश्न टाकला होता : सरकारच्या ताब्यात असताना यंदा किती मुलं मेली आणि किती पळाली? प्रत्येक मंडळाने उत्तर पाठवायचं होतं. येर्रवागुचं उत्तर टाईप होऊन तयार होतं. 'मृत्यू : एकही नाही. फरार : एक.' खाली वनजाक्काची सही तेवढी राहिली होती आणि ती उद्या हवी होती.

ती बाहेर पडली, तर फाटकाशी लच्चव्वा बसलेली. सायलूची आई. मांडीवर जेवणाचा डबा. पोरगा पळाला असं सांगूनही गेले दहा-बारा दिवस बाई जोंधळ्याची भाकरी आणि आंबाड्याची चटणी घेऊन येत होती.

"अगं लच्चव्वा, डबा कुणाला आणतेस?"

"पळालेलं पोरगं भूक लागली की परत येतं, अक्का. आणि माझा तर भुकेला कच्चा." लच्चव्वाने पदराने डोळे टिपले. "त्याच्या बापाला ठाण्यात नेऊन बसवतात, एक दिवस सोडून एक दिवस. म्हणतात, लपवलंय कुठे ते सांग. कालपास्नं त्याला धड उभं राहता येत नाही. तुम्ही त्या कागदावर सही केली की माझा पोरगा कायमचा फरारी, होय ना? मग तर हे आम्हाला जन्मभर सोडायचे नाहीत."

वनजाक्काने आपली पाण्याची बाटली पुढे केली. लच्चव्वा दोन घोट प्यायली आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ती कमरेला खोचू लागली.

"पी की सगळं. कुणासाठी ठेवतेस?"

"झाडाला. जुन्या खाणीपाशी कुणा शहाण्याने नारळाचं रोप लावलंय, काळी चिंधी बांधून. आम्हाला प्यायला पाणी नाही आणि याला नारळ पाहिजेत! पण जीव आहे ना, अक्का. जाता-येता घालते थोडं."

एवढ्या दुःखातही बाईला झाडाची पडलीय, म्हणून वनजाक्काला भडभडून आलं. ती तशीच मागे वळली आणि पुन्हा निरीक्षणगृहात शिरली.

२

"पोरांना एकेक करून माझ्याकडे पाठवा," ती भूमय्यांना म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर थांबा."

पहिला आला तो गालफुगा. बाकीचे त्याला टमाटो म्हणत.

"सायलू कसा गेला रे?"

"लिंबाची फांदी धरली अन् उडी मारली."

दुसरा आला. "लिंबाची फांदी धरली अन् उडी मारली." तिसऱ्यानेही तेच म्हटलं, अगदी त्याच चालीवर. पाढे म्हणताहेत मेले, वनजाक्का मनात म्हणाली. कुठलीही तीन पोरं एक भांडणसुद्धा सारखं सांगत नाहीत. एकाने फांदी म्हटली तर दुसऱ्याने दोरी म्हणायला हवी.

चौथा पोरगा सतत बडबड करणारा. त्याचं इथलं नाव रेडिओ. तो पुढे बसला आणि विचारायच्या आधीच सुरू झाला, "लिंबाची फांदी..."

"फांदी राहू दे. मला सांग, तुझं नाव रेडिओ कुणी ठेवलं?"

पोरगा खुलला. "ती इथली रीतच आहे, अम्मा. नवा आला की पहिल्याच जेवणाला सगळ्यांनी मिळून त्याचं नाव ठेवायचं. त्याशिवाय ताटाला हात लावू देत नाही आम्ही. हा टमाटो तर रडला होता!"

"कुणीच सुटत नाही?"

"छ्या! एकदा न्हावी आला होता केस कापायला, त्याचंसुद्धा ठेवलं."

"मग सायलूचं काय ठेवलंत?"

रेडिओ बंद पडला. त्याने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"मारणार नाहीत ना?"

"माझ्यासमोर कुणाची माय व्यालीय तुला हात लावायला? बोल."

"नाव ठेवायला माणूस तर यायला पाहिजे, अम्मा," पोरगा पुटपुटला. "तो आलाच नव्हता."

जो पोरगा भिंतीच्या आत आलाच नाही, तो भिंतीवरून पळणार कसा?

वनजाक्काने भूमय्यांना आत बोलावलं. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले, मग ते हात जोडले.

"एस.आय. साहेबांचा निरोप आला, अम्मा. म्हणाले, पोरगा उद्या आणतो, पोच आज द्या. मी दिली. असं चालतं, सगळेच करतात. सकाळी म्हणाले, वाटेतच निसटला, तुमच्याकडून पळाला असं दाखवा, नाहीतर दोघांच्याही नोकऱ्या जातील. देवाशप्पथ, मी त्या पोराचं तोंडही पाहिलेलं नाही."

"आणि निसटला हे तुम्हाला खरं वाटलं?"

"वाटून घेतलं," भूमय्या म्हणाले.

३

ठाण्यात एस.आय., म्हणजे फौजदार, प्रभंजन राव उठून उभे राहिले. गोड माणूस. कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला, वर उस्मानिया बिस्किटं मागवली.

"अम्मा, तुम्ही कशाला त्रास घेतलात? निरोप धाडला असता तर सहीचा कागद घरी आला असता."

"पोराला निरीक्षणगृहात कुणी नेलं?"

"आमच्या ओदेलूने. भूमय्यांची पोच आहे आमच्याकडे. आता त्यांना आठवत नसेल तर वयाचा दोष." राव हसले. "ए ओदेलू! अम्मा आल्यात बघ."

शिपाई ओदेलू आत आला आणि वनजाक्का बघतच राहिली.

मागच्या बैठकीला हाच ओदेलू मंडळाच्या व्हरांड्यात उभा होता तेव्हा अंगावर काळी लुंगी, खांद्यावर काळा पंचा, वाढलेली दाढी, कपाळाला चंदन, गळ्यात तुळशीची माळ आणि पाय अनवाणी. अय्यप्पाची दीक्षा. मंडलभर, म्हणजे एक्केचाळीस दिवस, एकवेळ जेवायचं, गार पाण्याने नाहायचं, चामड्याला शिवायचं नाही, आणि समोर येईल त्याला, अगदी खिसेकापूलासुद्धा, 'स्वामी' म्हणायचं. वनजाक्काने केळी आणि दूध दिलं, तेव्हा मान लववून त्याने घेतलं होतं. "यंदा अठरावं वर्ष, स्वामी," असं सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. अठराव्या खेपेला नारळाचं रोप अय्यप्पाच्या डोंगरावर नेऊन लावायचं असतं. ते रोप त्याने ठाण्याच्या ओट्यावर बादलीत जपलं होतं आणि आल्यागेल्याला दाखवत होता.

आता समोर उभा होता तो तुळतुळीत दाढी केलेला, खाकीतला, पायात बूट घातलेला माणूस. गळा मोकळा. अजून यात्रेची गाडीसुद्धा सुटली नव्हती.

"अरे स्वामी, माळ कुठे गेली?"

ओदेलूने मान खाली घातली. उत्तर राव साहेबांनी दिलं, जरा घाईनेच.

"त्याचा काका वारला, अम्मा. घरात मयत झालं की माळ ठेवता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. बिचाऱ्याचं अठरावं वर्ष वाया गेलं."

वनजाक्काला माहीत होतं. तिचा नवरा दरवर्षी दीक्षा घ्यायचा, आणि पहाटे उठून स्वयंपाक तिला करावा लागायचा. सुतक लागलं की माळ उतरते. दुसऱ्या कारणाने अठराव्या वर्षाची माळ कुणी अर्ध्यावर उतरवत नाही. बोलणं बरोबर होतं. पण ज्याचा काका वारला तो गप्प आणि सांगायची घाई साहेबाला, हे काही तिला पटेना.

"मयताच्या घरी भेटायला जायला हवं," ती उठत म्हणाली. "घर कुठे रे तुझं, ओदेलू?"

ओदेलूने पहिल्यांदाच वर पाहिलं. त्या डोळ्यांत भीती होती, हे वनजाक्काला अपेक्षित होतं. पण त्यांत आर्जवही होतं. जा, असं ते डोळे सांगत होते.

बाहेर ओट्यावर बादली तशीच होती. आत सुकलेली माती आणि मधोमध रिकामा खड्डा.

४

ओदेलूची म्हातारी आई राजव्वा उन्हात बसून चिंचा फोडत होती.

"काकाचं ऐकलं, अव्वा. वाईट झालं," वनजाक्का शेजारी टेकत म्हणाली.

"कुणाच्या काकाचं?"

"ओदेलूच्या."

म्हातारीने फोडलेली चिंच तशीच हातात धरली. "खुळी का काय तू? माझा नवरा एकुलता एक. काका आणायचा कुठून?"

वनजाक्काने आवाज साधा ठेवला. "मग त्याने माळ का उतरवली?"

"मलाच उतरवायला लावली गं!" म्हातारीचा आवाज फुटला. "भर दुपारी आला. कपडे मातीने भरलेले. म्हणाला, अव्वा, माळ काढ. मी म्हटलं, जीभ झडेल, अठरावं वर्ष आहे. कोण मेलंय घरात? तर म्हणाला, आपलं लेकरू मेलंय. आता सांग, याला लेकरू कुठलं? सतरा वर्षं डोंगर चढतोय तो लेकरासाठीच. सून वरती झोपून आहे, तीही रडते. मला वाटलं, वेड लागलं पोराला. माळ काढली मी, काय करणार? तेव्हापासून धड जेवत नाही की बोलत नाही."

"आणि ते नारळाचं रोप?"

"ते त्याच दिवशी सकाळी ठाण्यातून कुठेतरी घेऊन गेला म्हणे. परत नाही आणलं. किती जपलं होतं! दृष्ट लागू नये म्हणून आपल्या लुंगीची चिंधी फाडून बांधली होती त्याला, काळी."

काळी चिंधी.

वनजाक्का पाणी पीत होती. लोटा हातातून सुटला आणि चिंचांवर सांडला. म्हातारी ओरडली, पण वनजाक्काला काही ऐकू येत नव्हतं. तिला समोर दिसत होती ती लच्चव्वा. डबा मांडीवर, बाटली कमरेला. 'जीव आहे ना, अक्का. जाता-येता घालते थोडं.'

"अरे देवा," ती म्हणाली. "अरे देवा, त्या बाईला मी काय सांगू?"

५

ठाण्यात परत जायचं नाही, एवढं भान तिला होतं. रावांना सुगावा लागला असता तर रोपही हललं असतं आणि रोपाखालचंही. ती तडक मंडळाच्या न्यायाधीश शर्वाणींकडे गेली आणि सगळं सांगितलं. बाई वयाने लहान होत्या, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला. "चला," एवढंच त्या म्हणाल्या. तहसीलदार आले, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. राव, ओदेलू आणि भूमय्यांना तिथे आल्यावरच कळलं की कशासाठी बोलावलंय.

जुन्या खाणीच्या कडेला बाभळी आणि फुटका काळा दगड. त्यात ते एकच हिरवं रोप, काळ्या चिंधीचं. बुंध्याशी माती ओली होती.

राव हसायला बघत होते. "मॅडम, नारळ लावणं गुन्हा झाला का आता?"

"नाही," वनजाक्का म्हणाली. "पण हे रोप डोंगरावर जायचं होतं, साहेब. ते इथे का आलं, ते मी सांगते. पोरगा निरीक्षणगृहात पोचलाच नाही. तिथे नव्याला नाव ठेवल्याशिवाय जेवू देत नाहीत. सायलूला नावच नाही. भूमय्यांनी हे माझ्यापुढे कबूल केलंय. म्हणजे पोरगा तुमच्या ठाण्यातून बाहेर पडला, पण पुढे कुठे गेला? वाटेत निसटला म्हणावं, तर मग ज्याने त्याला नेलं त्याने दुसऱ्याच दिवशी सुतक का धरलं? तुम्ही म्हणालात, काका वारला. ओदेलूच्या बापाला भाऊच नव्हता. पोरगा जिवंत पळाला असता, तर हा माणूस आज अनवाणी असता आणि मला स्वामी म्हणाला असता."

"माळेवरून खून शाबीत करणार? कोर्टात हसतील लोक."

"हसू देत. हा माणूस तुमच्यासाठी कागदावर खोटं बोलला, मंडळाशी खोटं बोलला, सरकारशी खोटं बोलला. सरकारशी खोटं बोलायला आपल्यात कुणालाच काही वाटत नाही. पण मयताचा विटाळ घेऊन माळ गळ्यात ठेवायची, तेवढं त्याला एक दिवससुद्धा जमलं नाही. साहेब, सगळं जमवलंत तुम्ही. पोच जमवली, साक्षी जमवल्या. फक्त याचा देव जमवायचा राहिला."

कुणी काही बोलायच्या आत ओदेलू गुडघ्यांवर बसला. फावडं यायची वाट न बघता तो हातांनी माती उकरू लागला. आधी त्याने रोप मुळांसकट अलगद उचलून बाजूला ठेवलं.

"साहेबांनी मारलं," तो खाली बघतच म्हणाला. "पट्ट्याने, मग काठीने. मी पोराचे पाय दाबून धरले होते. मी म्हणत होतो, स्वामी, कबूल करून टाक, स्वामी. माळ होती गळ्यात, अम्मा, आणि मी पाय धरले होते. पोरगं अव्वा अव्वा करत होतं. मग गप्पच झालं."

"तोंड बंद कर!" राव ओरडले. त्यांचा चढलेला आवाज गावाने पहिल्यांदा ऐकला.

"साहेब म्हणाले, दगड बांध आणि खाणीच्या पाण्यात टाक. ते नाही झालं मला. इथे पुरलं. डोंगरावर न्यायचं रोप उशाशी लावलं. दुसरं काय देणार होतो मी त्याला?"

मातीतून आधी शर्टाची बाही दिसली. भूमय्या तोंड फिरवून ओकले. न्यायाधीश बाईंनी डोळ्यांवर हात धरला, मग तो काढला आणि ठाम आवाजात तहसीलदारांना म्हणाल्या, "राव आणि ओदेलू, दोघांनाही इथून हलू देऊ नका."

वनजाक्काचं लक्ष तिकडे नव्हतंच. खडी फोडणाऱ्या बायकांतून लच्चव्वा येत होती. माणसं जमलेली बघून ती भरभर चालत होती, आणि हातात ती बाटली होती, अर्धी भरलेली. वनजाक्का आडवी गेली, तिला दोन्ही हातांनी धरलं.

"लच्चव्वा, पुढे जाऊ नकोस."

"झाड का उपटलं, अक्का? जगलं होतं ते." मग तिची नजर खड्ड्यात गेली. ती बाही तिने स्वतः शिवलेली होती, दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने.

ती किंचाळली नाही. वनजाक्काला वाटलं होतं ती कोसळेल, म्हणून तिने घट्ट धरून ठेवलं होतं. पण लच्चव्वा उभीच राहिली, बाटली छातीशी धरून.

"मी याला रोज पाणी पाजत होते," ती म्हणाली. "अक्का, माझ्याच लेकराला मी पाणी पाजत होते."

वनजाक्का रडली. सगळ्यांदेखत, तोंडाला पदर न लावता रडली. मग डोळे पुसून तिने पिशवीतला तो टाईप केलेला कागद काढला आणि दगडावर ठेवला. 'एकही नाही' खोडून तिथे 'एक' लिहिलं. 'फरार : एक' हेही खोडलं. नाव लिहायला त्या कागदात जागा नव्हती, तरी तिने समासात सायलूचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

"काय लिहिलंत?" लच्चव्वाने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"सायलू पळाला नव्हता, असं लिहिलं."

"त्याच्या बापाला सांगायला हवं," लच्चव्वा म्हणाली. "आता तरी सोडतील त्याला." मग ती खाली बसली, बाजूला ठेवलेल्या रोपाची मुळं उघडी पडली होती, त्यांवर तिने बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं.